तुमच्या लिफ्टबद्दल

प्रिय आबा,

कसा शेस रे भाऊ? आखाजीला आलास, दोन दिवस राहिलास, घर भरल्यासारखं वाटलं, आई अजून आठवण काढते. पण निघताना ओट्यावर बसून तू सहज बोलून गेलास ना, की तुमच्या सोसायटीत आता कामवाल्या बायांना आणि डिलिव्हरीवाल्या पोरांना वेगळी लिफ्ट, मेन लिफ्टपाशी तसा बोर्डच लावलाय, आणि मी का म्हणून विचारलं तर म्हणालास, "सिक्युरिटी रे, कोण कुठला माहिती नसतं." तेव्हा मी गप्प बसलो कारण तुझी गाडी लागली होती. पण ते 'कोण कुठला' काही डोक्यातून जाईना. फोनवर हे बोलणं जमत नाही, तू 'बरं बरं' करून विषय बदलतोस, म्हणून लिहितोय.

माझ्या सेवा केंद्रात दिवसभर हाच प्रश्न मी लोकांना विचारतो. कोण, कुठला, कायमचा पत्ता काय. मागच्या पावसाळ्याआधी एक डवरी गोसावी कुटुंब आलं होतं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारं, गावाबाहेर माळावर त्यांची पालं होती. म्हातारी, मुलगा, सून, तीन लेकरं. रेशन कार्ड पाहिजे होतं. कार्ड असलं तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य, फुकट, त्यांच्यासाठी ते फार मोठं असतं. मी पत्ता विचारला तर तो म्हणाला, "गणपतीपर्यंत हितंच हाव साहेब." आता हे फॉर्मच्या कोणत्या रकान्यात टाकू सांग. लाइट बिल नाही, घरपट्टी नाही, भाडेकरार तर सोडूनच दे. म्हातारीचा थंब घ्यायला गेलो तर मशीन घेईना, सहा-सात वेळा केलं, बोटं पुसली, पाणी लावलं, पण आयुष्यभर दगडमाती उचलून त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. ती घाबरून माझ्याकडं बघायची, जणू चूक तिचीच आहे.

जातीच्या दाखल्याचं अजून अवघड. भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा लागतो. नोकरी-शिक्षणात डवरी गोसावी ज्यात येतात त्या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे, कागदावर आहे, पण ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो 61 सालचा कागद आणणार कुठून? माझ्या आजोबांचा दाखला शाळेत दहा मिनिटात मिळाला होता, तेव्हा मला वाटलं होतं सगळ्यांचंच असं असतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या माणसाकडे प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाच्या सात-आठ झेरॉक्सी होत्या. मी विचारलं एवढ्या कशाला, तर म्हणाला नव्या गावात गेलं की पाल ठोकायच्या आधी पोलीस पाटलाकडं जातो, एक झेरॉक्स देतो, फोन नंबर देतो, मगच भिक्षेला निघतो. स्वतःहून. कोणी सांगितलेलं नाही. आबा, 1871 साली इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, त्या लोकांना पोलिसात हजेरी लावावी लागायची, परवानगीशिवाय गाव सोडता यायचं नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला त्यांची सुटका झाली, म्हणून तर विमुक्त म्हणतात. आणि आज कायदा नाही, काही नाही, तरी हा माणूस गावोगाव स्वतःची हजेरी लावत फिरतोय.

का, ते तुलाही माहितीये. राईनपाडा.

1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. आपल्याच साक्री तालुक्यात. मंगळवेढ्याकडून आलेले पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जीव गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत, जिथे माणूस दाद मागायला जातो.

आता जे लिहितोय ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. त्याच्या आठ-दहा दिवस आधी तो मेसेज मी आपल्या बारावीच्या ग्रुपवर टाकला होता. 'सावधान, टोळी फिरतेय, मुलांना सांभाळा' असा. मला दुसऱ्या ग्रुपवर आला, धाकटी तेव्हा चार वर्षांची होती, भीती वाटली, फॉरवर्ड केला. तू खाली हात जोडलेस, बाकीच्यांनी पुढे पाठवला असेल. माझा मेसेज राईनपाड्यापर्यंत गेला असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसांत हवेत जे भरलं होतं त्यात माझीही फुंकर होती. नंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड अशी मर्यादा आणली. मी तो मेसेज शोधून डिलीट केला, पण तोवर काय उपयोग होता.

आणि मारणाऱ्यांनाही मी नुसतं राक्षस म्हणून मोकळा होऊ शकत नाही रे, तो सगळा पट्टा भिल्ल आणि कोकणा आदिवासींचा. 1818 ला खान्देश इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांनी भिल्लांना लुटारू म्हणूनच लिहून ठेवलं, गावं जाळली, जमलं नाही तेव्हा 1825 मध्ये धरणगावला आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली. दोनशे वर्षं झाली तरी बसमध्ये भिलाचा पोरगा शेजारी बसला की आपल्याकडची माणसं पाकीट चाचपतात. आपणही चाचपलंय, खोटं कशाला बोलू. ज्यांच्यावर कायम संशय घेतला गेला त्यांनी त्या दिवशी अजून खालच्यावर संशय घेतला, पोराबाळांच्या भीतीनं घेतला, आणि पाच माणसं मेली. याचा मला राग येतो की रडू येतं मला कळत नाही.

म्हणून तुझ्या 'सिक्युरिटी'नं मी दचकलो. तुमची कामवाली तुझ्या घराची किल्ली सांभाळते, तुझ्या पोरीला भरवते, तिचं नाव, गाव, मोबाइल सगळं गेटवर लिहिलेलं आहे, ती 'कोण कुठली' कशी? समोरच्या फ्लॅटमधला माणूस कोण कुठला हे तुला माहितीये का? तो मेन लिफ्टनं येतो. मला नाही वाटत हा चोरीचा प्रश्न आहे. शेजारी उभं राहायला नको, एवढंच आहे ते, आणि त्याला एक चांगला शब्द सापडलाय. तू मिटिंगला होतास, तू हात वर केलास का खाली ठेवलास ते मी विचारलं नाही, आता विचारतो. कळव.

त्या कुटुंबाचं रेशन कार्ड अजून झालेलं नाही. ग्रामसेवकाच्या मागे लागलोय, एका ओळखीच्यांनी घराचा पत्ता वापरा म्हणून संमती दिलीये, म्हातारीच्या थंबासाठी डोळ्यांचं मशीन असलेल्या सेंटरला नेणार आहे, ते परत आले की. मृग लागलाय, येतील. माळाकडे रोज नजर जाते.

बाकी इकडं कपाशी लावली, बियाणं महाग पडलं. आईनं तुझ्यासाठी कळण्याचं पीठ दळून ठेवलंय आणि भरताची वांगी घेतलीत. आपल्या भिलाटीतला तो पोरगा, माझ्याकडेच कॉम्प्युटर शिकलेला, आता पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो, रविवारी परत जातोय, त्याच्यासोबत पाठवतो. तो साडेअकराच्या आसपास तुमच्या गेटवर येईल. वॉचमनला फोन करून मोकळा होऊ नकोस, तू स्वतः खाली उतर, आणि त्याला तुझ्यासोबत मेन लिफ्टनं वर घेऊन जा. चहा पाज. पोहोचला की फोन कर.

तुझा,
नाना