गिरी १९६९च्या आधीही होते

महोदय,

माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या जयंतीचं (१० ऑगस्ट) आपल्या अंकातलं टिपण वाचलं. १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक, ‘आतला आवाज’ ऐकून मत द्या हे इंदिरा गांधींचं आवाहन आणि काँग्रेसची फूट एवढ्यातच ते आटोपलं. त्या निवडणुकीच्या वेळी गिरी पंचाहत्तरीचे होते. त्याआधीचं आयुष्य गेलं कुठे?

मी बँकेतला निवृत्त कारकून. आम्हाला गिरी कळले ते युनियनच्या द्वारसभांमधून. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तंटा शास्त्री लवाद आणि मग कामगार अपील न्यायाधिकरण असा फिरत १९५४ मध्ये एकदाचा निकाली निघाला, तर खुद्द केंद्र सरकारनेच त्या निकालाला कात्री लावली. गिरी तेव्हा नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री. त्यांनी सरळ राजीनामा दिला. सरकारला पुढे आयोग नेमावा लागला, न्या. गजेंद्रगडकरांनी तो तडीस नेला आणि कापलेलं बरंचसं परत मिळालं. कामगारांच्या पगारासाठी खुर्ची सोडणारा दुसरा कामगारमंत्री मला तरी आठवत नाही.

गंमत म्हणजे, लवादाच्या निकालासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या गिरींना मुळात सक्तीचा लवाद, म्हणजे तंटा सरकारने नेमलेल्या तिसऱ्याकडे सोपवणंच नको होतं. मालक आणि कामगारांनी समोरासमोर बसून सोडवावं, तिसऱ्याच्या दारात जायची सवय लागली की युनियन पांगळी होते, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच युनियनवाल्यांना ते पटलं नव्हतं, आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. युनियन लेचीपेची असेल तर मालक बोलणीला बसेल कशाला? बँकांत मात्र ते जमलं. १९६६ मध्ये बँका आणि युनियन यांच्यातला पगाराचा पहिला द्विपक्षीय करार (‘बायपार्टाइट’) झाला, आणि ‘बायपार्टाइट’च्या तारखेवर घराच्या हप्त्याचा हिशेब बांधणारे आम्ही असंख्य जण होतो.

हे सगळं मंत्री झाल्यावर सुचलेलं नव्हतं. डब्लिनला कायदा शिकायला गेलेल्या या तरुणाला १९१६च्या आयरिश बंडानंतर तिथून निघावं लागलं. परतल्यावर रेल्वे कामगारांची संघटना बांधली, बंगाल-नागपूर रेल्वेतल्या नोकरकपातीविरुद्ध लढा दिला. नागपुरात १९२९ मध्ये आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना फुटली तेव्हा आपले कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर तेही बाहेर पडले.

१९४७ ते १९५१ या काळात ते सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) भारताचे उच्चायुक्त होते. ही काही आरामाची नेमणूक नव्हती. त्याच काळात, १९४८च्या कायद्याने तिथल्या चहामळ्यांतले लाखो तमिळ मजूर नागरिकत्वाला मुकले. कामगार चळवळीतून आलेल्या माणसाला वकिलातीत बसून हे पाहावं लागलं. त्या वर्षांवर मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे आठवायला कारण आहे. ऐरोलीत माझ्या शेजारी एक गृहस्थ राहतात, रबाळ्याच्या एका कारखान्यातले. कारखाना बंद होऊन जमाना झाला, देणी मात्र कोर्टात अडकली आहेत. तारखेला निघताना ते प्लास्टिकच्या पिशवीतून पगाराच्या चिठ्ठ्या नेतात; त्यांवरची शाई इतकी उडाली आहे की आकडे भिंगाखाली धरावे लागतात. ‘समोरासमोर बसायला’ आता समोर कुणी उरलेलंच नाही. त्यात नव्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. इथल्या लहान कारखान्यांतल्या किती जणांना ते ठाऊक आहे?

पुढच्या जयंतीला रेल्वेच्या लढ्यावर किंवा सिलोनच्या वर्षांवर कुणाकडून तरी सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती. आणि १९६९ वरच लिहायचं असेल, तर एक राहून गेलंय: १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर कार्यवाहू राष्ट्रपती म्हणून सही गिरींचीच होती. दुसऱ्याच दिवशी निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी ते पद सोडलं.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, ऐरोली, नवी मुंबई