चॉईस कोडपुढे मध्यकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांची पहिली पाने जाहिरातींनी भरून जातात. कुणाचे ‘सर्वाधिक पॅकेज’, कुणाचे ‘नव्वद टक्क्यांहून अधिक प्लेसमेंट’, कुणाचे ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेची श्रेणी ‘ए प्लस प्लस’. आतल्या पानावर हमखास एखादा लेख असतो की कॉलेजच्या नावात काय आहे, मूल हुशार असले म्हणजे झाले. दोन्ही वाचून गोंधळलेले पालक विचारतात ते एवढेच, की नामवंत कॉलेजात मिळेल ती शाखा घ्यावी की साध्या कॉलेजात हवी ती? वेगवेगळ्या महाविद्यालयांत टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी) म्हणून आणि शिक्षक म्हणून काम करणाऱ्या आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे.

नावाचा उपयोग होतो. होत नाही असे सांगणारे बहुधा स्वतः नामवंत संस्थेतून बाहेर पडलेले असतात. सत्या नाडेला मणिपालचे, मग नावाचे कौतुक कशाला, हा युक्तिवाद दरवर्षी ऐकू येतो. त्यांनी पुढे अमेरिकेत एम.एस. आणि शिकागो विद्यापीठातून एम.बी.ए. केले हे सोयीस्करपणे गाळले जाते. आणि एका माणसावरून काहीच ठरत नाही, हे सांख्यिकी शिकवणाऱ्यांना तरी माहीत असायला हवे.

उपयोग होतो तो का, हे समजून घेतले पाहिजे. कंपनी कॅम्पसला येते ती खर्चाचा हिशेब मांडून. चार-पाच जणांचे पॅनल, प्रवास, मुक्काम, लेखी परीक्षा, मुलाखतींच्या दोन फेऱ्या. एवढे करून पंधरा-वीस मुले हाती लागणार असतील तरच एचआर त्या गावाचे तिकीट काढते. म्हणून सीईटीने आधीच चाळण लावली आहे तिथे कंपन्या जातात. पुण्याच्या सीओईपीत (स्थापना १८५४) किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये (१८८७) वर्गात कसे शिकवतात हे बघायला कंपनी येत नाही. वरच्या पर्सेंटाइलची मुले एकाच सभागृहात बसलेली मिळतात म्हणून येते. बुलढाण्यातली तितकीच तयारीची मुलगी त्या सभागृहात नसते, एवढाच तिचा दोष.

भारतातल्या सरकारी महाविद्यालयांवर अर्थतज्ज्ञ शीतल सेखरी यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमके हेच दाखवतो. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. नामवंत कॉलेजात शिरलेल्यांचा पगार जास्त निघाला, पण बाहेर पडतानाच्या परीक्षेतल्या गुणांत फरक दिसला नाही. म्हणजे पैसे नावाचे मिळाले, शिकवण्याचे नव्हेत. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये वेगळ्या वाटेने तपासले. नामवंत ठिकाणी प्रवेश मिळत असूनही साध्या ठिकाणी गेलेल्यांची पुढची कमाई जवळपास तेवढीच राहिली. अपवाद होता गरीब घरातल्या मुलांचा. त्यांना नावाने खरोखरच हात दिला. कारण उघड आहे. डॉक्टरांच्या मुलाला ओळखी घरातूनच मिळतात, शेतमजुराच्या मुलाला त्या कॉलेजातच मिळाल्या तर मिळणार. आपल्याकडे ‘नावाच्या मागे लागू नकोस’ हा उपदेश मात्र नेमका त्याच मुलाला केला जातो.

नाव अजिबात न चालणारी दारेही बरीच आहेत. यूपीएससी आणि एमपीएससीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरते. गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, स्कोअर तीन वर्षे चालतो, आणि त्याच्या जोरावर आयआयटीत एम.टेक.ला (दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन) किंवा सार्वजनिक उपक्रमांच्या मुलाखतीपर्यंत जाता येते. टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षा कॅम्पसबाहेरच्या मुलांनाही देता येतात. तिथे मुले अडतात ती बहुधा दहावी, बारावी आणि पदवीला सलग ६० टक्के या अटीवर, नाहीतर एखाद्या शिल्लक बॅकलॉगवर (न सुटलेल्या विषयावर). दुसऱ्या वर्षी एम-३ (गणित-३) राहिला तर राहू दे, नंतर काढू, म्हणणाऱ्यांना हे सातव्या सत्रात कळते. तीनेक वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यावर तर मुलाखतीत कॉलेजविषयी कुणी विचारत नाही, नोटीस पिरियड किती ते विचारतात.

परदेशी जाणाऱ्यांचे गणित देशागणिक बदलते. ब्रिटनने २०२२ मध्ये ‘हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल’ व्हिसा सुरू केला तो जागतिक क्रमवारीतल्या मोजक्या विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी, आणि त्या यादीत तेव्हा एकही भारतीय विद्यापीठ नव्हते. उलट जर्मनीत क्रमांक नव्हे, मान्यता पाहतात. ‘अनाबिन’ या त्यांच्या माहितीसाठ्यात संस्थेपुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) हा शेरा आहे का, आणि २०२२ च्या अखेरीपासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचे झालेले ‘एपीएस’ (कागदपत्र पडताळणीचे) प्रमाणपत्र आहे का, एवढे पुरते. नव्या खासगी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्याने हे आधी तपासलेले बरे.

आता जाहिरातींकडे येतो, कारण खरी फसगत तिथे आहे. नाव पिढ्यान्‌पिढ्या मिळवावे लागते. आकडा एका रात्रीत बनवता येतो. तो कसा बनतो ते सांगतो. समजा एका शाखेत शेवटच्या वर्षाला १८० विद्यार्थी आहेत. त्यातून बॅकलॉगवाले, ६० टक्क्यांखालचे आणि ‘उच्च शिक्षणात रस’ असा फॉर्म भरून घेतलेले बाजूला काढले की ‘पात्र’ उरतात १२०. नोकरी प्रत्यक्षात ७० जणांना लागली, पण काहींच्या हातात दोन-दोन ऑफर असल्याने ऑफर झाल्या ९६. आता ९६ ला १२० ने भागा. आले ८० टक्के. ७० ला १८० ने भागले तर येतात ३९. यात एकही आकडा खोटा नाही, म्हणून कुणी पकडलेही जात नाही.

पगाराचेही तसेच. दहा जणांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी ७ लाख १५ हजार. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र साडेतीन लाखच. दहावीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक शिकलेले पालकही जाहिरातीपुढे हे विसरतात. शिवाय ‘सीटीसी’त, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यावर करते त्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, जॉइनिंग बोनस आणि चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर असे सगळे धरलेले असते. ४० लाखांच्या ऑफरमध्ये पहिल्या वर्षाचा पक्का पगार त्याच्या निम्माही असू शकतो.

खरे आकडे मिळत नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरते तिची पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावर असते. बहुधा तळाशी, बारीक अक्षरात. ती उघडा. चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, ठरल्या मुदतीत पदवीधर झालेले, नोकरी लागलेले, त्यांचे मध्यक वेतन आणि उच्च शिक्षणाला गेलेले असे रकाने आहेत. मुदतीत पदवीधर झालेल्यांचा आकडा पहिल्या आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशांच्या बेरजेशी ताडून पाहा. शंभरातले साठच वेळेत बाहेर पडत असतील, तर बाकीच्या चाळिसांचे काय होते ते कॉलेजला विचारा. मध्यक वेतन हे नोकरी लागलेल्यांचेच असते, सगळ्यांचे नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एक उणीव आहेच. हा तक्ता संपूर्ण संस्थेचा असतो. कॉम्प्युटरच्या आकड्याआड सिव्हिल आणि प्रॉडक्शन झाकले जातात.

आणि क्रमांकाचेच म्हणाल, तर अभियांत्रिकीच्या एनआयआरएफमध्ये १०० पैकी अध्यापन व साधनांना ३०, संशोधनाला ३०, निकाल व नोकऱ्यांना २०, समावेशकतेला १० आणि प्रतिमेला १० असे भार आहेत. बी.टेक. करून नोकरी धरणाऱ्याला संशोधनाच्या ३० चा थेट लाभ फारच थोडा. ‘नॅक’ची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते, शाखेला नव्हे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ‘नॅक’च्या एका पाहणी समितीतल्या सदस्यांनाच लाचखोरीच्या आरोपावरून अटक केल्यापासून त्या अक्षरांकडे आम्ही जरा जपूनच बघतो. शाखेची पारख करायची तर ‘एनबीए’ मानांकन बघावे. ते शाखेनिहाय असते, तीन किंवा सहा वर्षांसाठी असते, मुदत संपली का तेही तपासता येते. सहा वर्षांचे असेल तर विभागाने घर बऱ्यापैकी आवरलेले आहे असे समजा.

त्याहून सोपी कसोटी शिक्षक मोजण्याची आहे. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेने) २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली आणि बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा वाढत सुटल्या. नाव तेच, वर्ग तिप्पट. नियम २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. वर्षाला १८० जागा म्हणजे चार वर्षांचे ७२०, म्हणजे ३६ शिक्षक. प्राध्यापक, सहयोगी व सहायक यांचे १:२:६ हे प्रमाण धरले तर त्यात ४ प्राध्यापक आणि ८ सहयोगी प्राध्यापक हवेत. विभागाच्या पानावरची यादी काढून मोजा. एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि बाकी सारे गेल्या जूनमध्ये रुजू झालेले दिसले, तर त्या नावाची पुण्याई जुन्या बॅचेसनी कमावलेली आहे. तुमच्या मुलाला ती मिळेलच असे नाही.

पैशाचा हिशेब तर कुणी करतच नाही. कॅपमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शुल्क योजना लागू होते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफीच्या) ५ टक्के अतिरिक्त जागांचा चॉईस कोड (अर्जात भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो आणि तो भरायचाच राहतो, ही दरवर्षीची चूक. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात गेलात की या सवलतींवर पाणी सोडावे लागते. तिथे वर्षाला ३ लाख शुल्क धरले तर चार वर्षांचे १२ लाख. १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर हप्ता १९,९०० रुपयांच्या आसपास, शिकत असताना चढलेले व्याज वेगळेच. साडेतीन लाखांच्या नोकरीत महिन्याला हाती पंचवीस हजारांच्या आगेमागे पडतात. पुण्यात भाडे कशातून भरायचे?

मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स या शाखांपैकीच कुठलीतरी चालणार असेल, तर चांगल्या नावासाठी शाखेत थोडी तडजोड करावी, कारण सॉफ्टवेअर कंपन्या बहुधा तिन्ही शाखांना बसू देतात. सिव्हिल किंवा मेकॅनिकलच आवडत असेल, तर सांगलीचे वालचंद (१९४७) किंवा कराडचे शासकीय महाविद्यालय (१९६०) सोडून शहरातल्या चकचकीत इमारतीत एआय घेण्यात शहाणपण नाही. नावडत्या शाखेत मात्र नावासाठी जाऊ नये. तिथे बॅकलॉग साठतात आणि मग त्याच नामवंत कॉलेजात कंपनी आलेली असताना मुलगा सभागृहाबाहेर उभा राहतो.

ऑप्शन फॉर्म भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने कॉलेजे लावू नका. कटऑफ मागणी दाखवतो, दर्जा नव्हे. २०२५-२६ पासून पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज (पक्की) होते, पुढच्या फेरीत बेटरमेंट (वरचा पर्याय) मागता येत नाही. केवळ नाव मोठे म्हणून वर टाकलेली नावडती शाखा दुसऱ्या फेरीत गळ्यात पडते ती अशी.

आमची मागणी सीईटी कक्षाकडे आहे. जागांच्या तक्त्यात प्रत्येक चॉईस कोडपुढे तीन रकाने वाढवावेत: त्या शाखेतून मुदतीत पदवीधर झालेले, त्यांपैकी नोकरी लागलेले (ऑफर नव्हे, विद्यार्थी), आणि मध्यक वेतन. ‘एनबीए’साठी विभाग जो स्वयंमूल्यांकन अहवाल भरतो त्यात शाखेचा प्लेसमेंटचा तक्ता असतोच, त्यामुळे माहिती नाही अशी सबब चालणार नाही. वर्तमानपत्रांनीही ‘सर्वाधिक पॅकेज’ छापताना त्याच जाहिरातीत, त्याच आकाराच्या अक्षरांत मध्यक मागावा. महसूल थोडा घटेल, याची आम्हाला कल्पना आहे.

तोवर पालकांनी टीपीओला फोन न करता ई-मेल पाठवावा आणि हवी ती शाखा लिहून हे तीन आकडे मागच्या तीन वर्षांचे मागावेत. फोनवर ‘उत्तम आहे हो’ एवढेच ऐकू येईल. लेखी उत्तर देताना हात जरा आखडतो.

आपले,
अभियांत्रिकी महाविद्यालयांतील काही टीपीओ व अध्यापक
(पुणे, सांगली, छत्रपती संभाजीनगर)