गोष्टीसाठी गेम घेतला, मग लढाई सोपी करायला लाज कसली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर लॅपटॉप मांडून लांबलचक आरपीजी (आपलं पात्र घडवत गोष्ट पुढे नेण्याचे) गेम खेळणारे मग घरोघरी दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: गोष्ट आवडते, पात्रं आवडतात, पण फाइट नकोशी होते. अशा माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. ‘जमत नसेल तर खेळू नका’, नाहीतर ‘पैसे मोजलेत ना, मग संपवा’. दोन्ही सल्ले देणाऱ्याने समोरच्याला नेमकं काय खुपतंय हे विचारलेलंच नसतं. आधी ते शोधावं, मग सेटिंग बदलावं आणि तरीही जमलं नाही तर खुशाल गेम सोडावा, असं माझं मत आहे.

खुपणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. कुणाची बोटं वेळेवर चालत नाहीत, डॉज, म्हणजे वार चुकवणं, उशिरा होतो. कुणाला तीच ती फाइट चाळीसदा करण्याचा कंटाळा येतो. कुणाला सहा जणांचे मंत्र, शस्त्रं आणि मेनू सांभाळणं म्हणजे हिशेबाचं काम वाटतं. आणि कुणाला मुळात मारणंच नको असतं. डिफिकल्टी (खेळाची काठिण्यपातळी) कमी केली की यातला पहिला त्रास जातो, दुसरा थोडा हलका होतो, बाकीचे दोन जिथल्या तिथे राहतात. ‘ईझीवर टाकून पाहिलं, तरी मजा नाही’ म्हणणारे बहुधा शेवटच्या दोन गटांतले असतात.

पहिल्या गटासाठी ‘द विचर ३’ (२०१५) हे चांगलं उदाहरण. त्यात डिफिकल्टीच्या चार पातळ्या आहेत आणि खेळ चालू असताना कधीही बदलता येतात. सर्वांत खालची पातळी फक्त गोष्टीसाठीच ठेवलेली आहे. खालच्या दोन पातळ्यांवर ध्यानाला बसलं की तब्येत पूर्ण भरते, वरच्या दोनवर भरत नाही. हा फरक ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण खाण्याचे पदार्थ गोळा करत फिरतात. शत्रूंची लेव्हल तुमच्यासोबत वाढवणारा पर्याय बंद असल्याची खात्री करा. क्वेन हे जादूचं संरक्षक चिन्ह प्रत्येक फाइटआधी लावा. अॅक्सी चिन्हात डिल्यूजन या कौशल्यावर पॉइंट घातले की संवादांत नवे पर्याय उघडतात आणि काही मारामाऱ्या बोलण्यातच मिटतात. शत्रूच्या डोक्यावर लाल कवटी दिसली तर तो तुमच्या लेव्हलच्या फार वर आहे. तिथे चिकाटी दाखवू नये, दुसरी क्वेस्ट (कामगिरी) करून परत यावं. मुख्य म्हणजे या गेमचा शेवट कोणता लागणार हे बऱ्याच अंशी नायकाची मानसकन्या सिरी हिच्याशी तुम्ही कसं वागता यावर ठरतं, तलवारीच्या सफाईवर नाही. सोप्या पातळीवर खेळणाऱ्याचं गोष्टीतलं काहीच बुडत नाही.

इथे आपल्या हवामानाचंही थोडं. खोलीतच अडतीस-चाळीस अंश असताना लॅपटॉपचा प्रोसेसर नव्वदीपार जातो आणि स्वतःचा वेग कमी करतो. फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) गळायला लागतात त्या नेमक्या फाइटमध्ये, कारण पडद्यावर सर्वांत जास्त काही तेव्हाच चाललेलं असतं. डॉज चुकतो आणि खेळणारा स्वतःला दोष देतो. फ्रेमची मर्यादा सेकंदाला ३० वर बांधा, विचरमध्ये केस खरे दिसावेत म्हणून असलेलं हेअरवर्क्स बंद करा, लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेवा. कूलरची दमट हवा मात्र थेट त्याच्या तोंडावर सोडू नका. वीज जाणारच, म्हणून ऑटोसेव्हवर विसंबू नये. मोठ्या संवादाआधी आणि नंतर हाताने सेव्ह करावं.

कंटाळ्याच्या गटासाठी वेग आणि गाठी हे दोन उपाय. गाठी म्हणजे चालता चालता अचानक सुरू होणाऱ्या फाइट. ‘फायनल फँटसी ८ रीमास्टर्ड’मध्ये (२०१९) तिप्पट वेग आणि गाठी बंद अशी दोन्ही बटणं आहेत. या गेममध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्या लेव्हलबरोबर चढते, त्यामुळे गाठी बंद ठेवल्या तरी फारसं बिघडत नाही. ताकद मंत्रांच्या साठ्यातून आणि पत्त्यांच्या खेळातून जमवता येते. हाच प्रयोग ‘फायनल फँटसी १०’च्या रीमास्टरमध्ये बेफिकीरपणे केलात तर फसाल. तिथे पात्रं वाढतात ती फाइटमधल्या गुणांवर, आणि गाठी सतत बंद ठेवून पुढे गेलं की एखादा बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, आडवा येतो, ज्याच्यासमोर तुमची मंडळी टिकतच नाहीत. मग मागे जाऊन ग्राइंड (ताकद वाढवायला त्याच त्या फाइट) करावं लागतं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच, तेही एकगठ्ठा. अशा गेममध्ये गाठी चालू ठेवून वेग वाढवणं बरं. ‘फायनल फँटसी १६’मध्ये (२०२३) आपोआप डॉज करणारी एक आणि एकाच बटणावर सगळे वार करणारी दुसरी अशा वेगवेगळ्या अंगठ्या सुरुवातीपासून मिळतात. त्या वापराव्यात. त्यांत कमीपणा मानणाऱ्यांची मला गंमत वाटते.

मेनूचा वैताग येणाऱ्यांनी सोबत्यांना एआयच्या हवाली करता येतं का ते पाहावं. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २’ मध्ये करता येतं. त्याच गेमला २०१९ मध्ये टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करण्याची) पद्धतही मिळाली. मात्र ती नवा खेळ सुरू करतानाच निवडावी लागते, हे वीस तासांनंतर कळून उपयोग नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मुळातच टर्न-बेस्ड असल्याने हाताच्या चपळाईचा प्रश्न येत नाही, पण एकेक लढाई लांबते. एक्सप्लोरर या सोप्या पातळीवर ती आटोपशीर होते. मोबदल्यात त्या पातळीवर दोन क्लास (योद्धा, जादूगार असे पात्राचे प्रकार) एकत्र करता येत नाहीत, आणि या गटाला त्याचं दुःख नसावं. पात्र चुकीचं बनलं असेल तर छावणीतला विदर्स शंभर सोन्याच्या नाण्यांत ते नव्याने घडवून देतो.

मारणंच नको असलेल्यांनी मात्र सेटिंगमध्ये वेळ घालवू नये, गेम बदलावा. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) मध्ये नेहमीची फाइट नाहीच. दोन फासे आणि तुमचं कौशल्य यांवर सगळं चालतं. पांढरा चेक (फासे टाकून होणारी परीक्षा) कौशल्य वाढवून पुन्हा करता येतो, लाल एकदाच. ‘पेंटिमेंट’ (२०२२) सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात घडतो आणि त्यातही लढाई नाही. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’मध्ये (२०१०) स्पीच कौशल्य शंभरावर नेलं तर शेवटच्या सेनापतीलाही बोलून परतवता येतं. तिथे नशिबाचा भाग नाही, ठरलेला आकडा गाठला की झालं. आकडा थोडा कमी पडत असेल तर स्पीचचं मासिक वाचून तो तात्पुरता वाढवता येतो.

याच्या उलट ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ (२००४). सुरुवातीचे कित्येक तास गोड बोलून आणि लपूनछपून निभावतात, म्हणून लोक सगळे पॉइंट त्यातच घालतात. मग हॉलिवूडखालची गटारं येतात, आणि त्यानंतर शेवटापर्यंत बहुतेक ठिकाणी लढण्यावाचून गत्यंतर नसतं. निम्मे पॉइंट तरी लढाईत घालायला हवे होते हे तेव्हा कळतं. गोष्टीची मजा पहिल्या भागातच जास्त आहे. तिथे थांबलात तर फार काही गमावलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

सोडायचं केव्हा? सेटिंग बदलूनही लागोपाठ दोन-तीन बैठकांत गोष्ट पुढे सरकली नाही, नुसत्या फाइटच झाल्या, तर एखादं प्रकरण संपल्यावर थांबा. उरलेलं यूट्यूबवर पाहायला हरकत नाही, पण तुमच्यासारखेच निर्णय घेणाऱ्याचा व्हिडिओ शोधा, नाहीतर तुम्ही वाचवलेलं पात्र तिथे मेलेलं निघेल. ‘मास इफेक्ट लेजंडरी एडिशन’मध्ये (२०२१) पहिला भाग नको असेल तर सरळ दुसरा सुरू करा. चित्रकथेतून मोजके मोठे निर्णय विचारले जातात आणि पुढची गोष्ट त्यानुसार चालते. सेव्ह फाइल मात्र डिलीट करू नका.

पैशांचं म्हणाल, तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. अडचण अशी की मोठ्या आरपीजीचे पहिले दोन तास पात्र बनवण्यात आणि गावात फिरण्यातच जातात, खरी लढाई पुढे असते. म्हणून चेहरा घडवत बसू नका. तयार पात्र घ्या आणि पहिली मोठी फाइट त्या दोन तासांत गाठा.

आपल्या पुरवणीत गेमची परीक्षणं अधूनमधून येतात. त्यांत ग्राफिक्सचं कौतुक चार ओळी कमी झालं तरी चालेल. गोष्टीपुरती सोपी पातळी आहे का, ती मध्येच बदलता येते का, आणि शेवटच्या भागात बोलून सुटता येतं की लढावंच लागतं, एवढं प्रत्येक परीक्षणात छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर