मागितल्यापेक्षा कमी मिळालं, तरीही मनापासून आभार

आदरणीय सर्व्हेअर साहेब,

सप्रेम नमस्कार.

माझ्या छापखान्याच्या विम्याच्या दाव्याची रक्कम खात्यात जमा झाली. मी मागितली होती त्याहून ती कमी आहे, पण कुठे किती वजा झाली आणि का, हे मला ओळीओळीने ठाऊक आहे. ते तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र.

आग शेजारच्या गाळ्यात लागली. माझ्या छापखान्यात ठिणगीसुद्धा आली नाही. कागद भिजला तो आग विझवताना मारलेल्या पाण्याने. विमा आगीचा, नुकसान पाण्याचं, तेव्हा दावा बसणार नाही, असं भेटेल तो सांगत होता. नुकसान मोजायला आलेले तुम्ही मात्र आल्या आल्या म्हणालात, "आधी फोटो काढा, मग कोरडा कागद बाजूला करा." विमा नसता तर माणूस माल वाचवायला जी धडपड करतो, तीच विमा असतानाही करायची, आणि त्या खर्चाच्या पावत्या जपायच्या. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला लावणं ही केवढी मोठी मदत असते!

मग तुम्ही ‘इकारिया’ जहाजाची गोष्ट सांगितलीत. 1915 मध्ये त्यावर पाणतीर (टॉर्पेडो) आदळला, तरी ते कसंबसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात पोचलं. तिथे वादळ आलं, जहाज धक्क्यावरून हलवावं लागलं, भरती-ओहोटीत तळाला टेकत राहिलं आणि शेवटी बुडालं. विमा समुद्राच्या धोक्यांचा होता, युद्धाचे परिणाम वगळलेले होते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, 1918 मध्ये ठरवलं की बुडण्याचं खरं कारण पाणतीरच. वेळेने जे शेवटचं, ते खरं कारण नव्हे. ज्याच्या जोराने पुढचं सगळं घडलं, ते कारण. मालकाला काही मिळालं नाही. तोच नियम माझ्या बाजूने लागला: पाणी आलं ते आगीमुळे, म्हणून नुकसान आगीचं. तुमच्या अहवालात हा मुद्दा इतका स्वच्छ मांडला होता की कंपनीने त्यावर पुन्हा प्रश्नच काढला नाही. एकाला हरवणारा आणि दुसऱ्याला तारणारा नियम एकच असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तशाच सरळपणे तुम्ही मला न आवडणारी गोष्टही सांगितलीत. पॉलिसी घेतल्यानंतर माल वाढला, विम्याची रक्कम तेवढीच राहिली. माल दहा भाग आणि विमा आठ भागांचा, तर पाच भागांच्या नुकसानीवर चारच भाग मिळतात. हे अ‍ॅव्हरेजचं कलम तुम्ही कागदावर आकडे मांडून दाखवलंत. भिजलेला कागद रद्दीत विकून जे आलं तेही वजा झालं. झालेलं नुकसान पूर्ण भरून द्यायचं, पण त्याहून जास्त कधीच नाही, हे तत्त्व 1883 च्या कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन खटल्यात ठामपणे मांडलं गेलं. ते पटल्यावर वजाबाकीचा राग येत नाही.

स्टॉक रजिस्टरचा लगदा झाला होता. पुरवठादारांकडून खातेउतारे मागवून त्यांवरून साठा जुळवायची वाट तुम्हीच दाखवलीत. शेजारी समझोत्याला आले, तेव्हा "काही लिहून देऊ नका, आधी कंपनीला कळवा" असं बजावलंत. भरपाई दिल्यावर माझ्या जागी उभं राहून दोषी माणसाकडून वसुली करण्याचा हक्क कंपनीचा असतो. तो मी सहीने सोडून दिला असता, तर माझाच दावा अडचणीत आला असता. हे एरवी कोण सांगतं?

तुमचं काम नुकसान मोजण्याचं. दावा मंजूर करायचा की नाही हे कंपनी ठरवते. त्या मर्यादेत राहून तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत, आणि माझा एकही प्रश्न टाळला नाहीत.

नूतनीकरणाच्या वेळी मालाची किंमत नव्याने काढून विम्याची रक्कम वाढवली आहे. खरेदीच्या नोंदींची एक प्रत आता छापखान्याबाहेर ठेवतो. शेजारच्या गाळेवाल्यांनाही हेच करायला सांगितलं आहे.

आपला कृतज्ञ,
एक छापखानेवाला