नावातच कुलिंजन, मग पाककृतीत का नाही?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकतीच थाई नारळ-चिकन सूपची पाककृती आली. आलं-लसणाची पेस्ट, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर, वासाला गवती चहाची पात. असं सूप कुणी आवडीने केलं तर माझी काहीच हरकत नाही. पण शीर्षकाखाली ‘तोम खा गाय’ हे मूळ नाव छापलं होतं, म्हणून हे पत्र. थाईत ‘तोम’ म्हणजे उकळणं, ‘गाय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खा’ म्हणजे कुलिंजन (आल्याच्या कुळातला एक सुवासिक कंद). तेच पाककृतीत नव्हतं, आणि त्याच्याऐवजी आलं घेतलंय हेही कुठे लिहिलं नव्हतं.

यजमानांच्या नोकरीमुळे २००६ ते २०१२ आम्ही बँकॉकला होतो. शेजारच्या बाईंना मी ‘पी’ म्हणायचे. वयाने मोठ्या बहिणीला वा भावाला तिथे हाच शब्द. हे सूप मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून शिकले. पहिल्या घट्ट दुधाला त्या ‘हुआ कथी’ म्हणत, म्हणजे नारळाच्या दुधाचं डोकं, आणि पाणी घालून काढलेल्या पातळ दुधाला ‘हांग कथी’, म्हणजे शेपूट. मी दापोलीची. पातळ दुधात शिजवायचं आणि घट्ट दूध शेवटी घालायचं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

एका नारळाच्या पातळ दुधात कुलिंजनाच्या आठ-दहा चकत्या, मकृत लिंबाची (थाई स्वयंपाकातलं सुवासिक पानांचं लिंबू) चार-पाच पानं फाडून आणि गवती चहाचे दोन बुंधे ठेचून घालायचे. आपण पात कापून चहात टाकतो आणि बुंधा जमिनीत ठेवतो. त्यांच्या स्वयंपाकात नेमका तो खालचा पांढरा बुंधाच लागतो. वास सुटला की चिकनचे पातळ तुकडे आणि अळंबी घालायची. आच मंदच हवी, रटरटलं की दूध फुटतं. चिकन शिजलं की घट्ट दूध, फिश सॉस, चिमूटभर साखर. लिंबू मात्र गॅसवर असताना पिळायचं नाही. शेजारच्या ‘पी’ लिंबाचा रस आणि ठेचलेल्या मिरच्या आधी वाडग्यात घालायच्या आणि वरून गरम सूप ओतायच्या. तो वास अजून माझ्या नाकात आहे. कॉर्नफ्लोअर त्यांच्या घरात मी कधी पाहिलं नाही. आणि हे सूप तिथे जेवणाआधी वेगळं देत नाहीत, भाताबरोबर जेवतात. कुलिंजनाच्या चकत्या खात नाहीत, बाजूला काढून ठेवतात.

आलं जिभेला चटका देतं. ताज्या कुलिंजनाला लिंबाच्या सालीसारखा, किंचित चिडाच्या लाकडासारखा वास असतो. कापताना ते आल्यापेक्षा कितीतरी कठीण लागतं, सुरी अडते. गायक मंडळी घशासाठी चघळतात ते वाळलेलं कुलिंजन काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. परतल्यावर मी ते घालून पाहिलं, पण सूपला काढ्याची चव आली. पुढे मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात ताजं मिळालं. त्यातला कोंब आलेला एक तुकडा पावसाच्या तोंडावर परसात हळदीशेजारी लावला. आता त्याचं चांगलं बेट झालंय, हवं तेवढं खणून काढते.

गावोगावच्या वाचकांना ताजं कुलिंजन मिळणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांनी खुशाल आलं घालावं. माझी विनंती एवढीच की, बदल केला असेल तर मूळ जिन्नस कोणता आणि त्याच्याजागी काय घेतलं, ही एक ओळ पाककृतीखाली छापत जा. आणि पातीऐवजी बुंधा घ्यायचा, ही दुरुस्ती तेवढी येत्या रविवारीच द्या. गवती चहा तर बहुतेकांच्या दारात असतो.

– एक वाचक, दापोली