क्रूझवर दारूबंदी नाहीये, बाहेरच्या बाटलीला बंदी आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत फॅमिली क्रूझवरचा लेख आला आणि मग त्यावर एका वाचकांचं पत्रही छापलंत. त्यात त्यांचा सूर असा होता की अमेरिकेतल्या क्रूझ कंपन्यांनी दारू घेऊन चढायला बंधनं घातली, म्हणजे तिकडच्या लोकांनाही शेवटी कुटुंब, मुलं, संस्कार यांचं महत्त्व पटलं. वाचून आधी हसू आलं आणि मग म्हटलं उत्तर लिहायलाच हवं, कारण मी न्यू जर्सीत राहते, आमच्याकडे बेयॉनचं बंदर म्हणजे गाडीने जाऊन बॅगा टाकायच्या नि चढायचं असं आहे, आमच्या मंडळातली निम्मी कुटुंबं सुट्टीत कुठल्या ना कुठल्या जहाजावर असतात, आणि या बाटल्यांच्या नियमांवर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जेवढी चर्चा होते तेवढी गणेशोत्सवाच्या वर्गणीवरही होत नाही.

तर पहिली गोष्ट म्हणजे हे नियम आज आलेले नाहीत. डिस्नेचंच घ्या, कारण फॅमिली क्रूझ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. तिथे पूर्वी एकवीस वर्षांवरच्या माणसाला आपल्या हातातल्या बॅगेत हवी ती नि हवी तेवढी दारू नेता यायची, व्हिस्की, रम, व्होडका काहीही, आणि लोक अक्षरशः चाकांच्या कूलरमध्ये भरून न्यायचे. २४ सप्टेंबर २०१५ पासून ते बंद झालं. त्यानंतर माणशी वाइन किंवा शॅम्पेनच्या दोन सीलबंद बाटल्या, ७५० मिलीपर्यंतच्या, नाहीतर बियरचे सहा कॅन, बास. हार्ड ड्रिंक अजिबात नाही. पण गंमत अशी की हा कोटा फक्त चढताना नाही, वाटेत प्रत्येक बंदरावर उतरून परत येताना पुन्हा तेवढाच मिळतो, आणि हे बहुतेक इतर कंपन्या देत नाहीत. म्हणजे नियम कडक केला असं सगळे म्हणतात त्या डिस्नेचाच नियम आजही बऱ्यापैकी सैल आहे!

रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या क्रूझ कंपनीमध्ये चढायच्या दिवशी माणशी वाइनची एक बाटली, मधल्या बंदरात काही घेतलंत तर ते गँगवेवरच, म्हणजे जहाजात शिरायच्या पुलावरच, काढून घेतात आणि प्रवास संपता संपता परत देतात. कार्निवलमध्येही माणशी एकच. नॉर्वेजियनवाले वाइन हवी तेवढी आणा म्हणतात पण बाटलीमागे पंधरा डॉलर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली आणल्याची फी, लावतात, म्हणजे वॉलमार्टमधली आठ डॉलरची वाइन तेवीसला पडते. जहाजावरच्याच दुकानातून स्वस्त म्हणून ड्यूटी फ्री बाटली घेतलीत तरी ती तुमच्या हातात शेवटच्या रात्रीच येते, तोपर्यंत ती त्यांच्याकडे.

आता हे नियम का बदलत गेले? लोकांनी बदलायला लावले हे अर्धं खरं आहे. माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग टाकून व्होडका, शॅम्पूच्या बाटलीत रम, स्कॅनरवर दिसू नयेत म्हणून खास विकत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली उघडून त्यात जिन भरून परत सील केल्यासारखी दिसेल अशी बंद करणं, हे सगळं चालायचं आणि चालतं, आणि करणारे कोण तर चांगले पगारदार लोक, आपलेही आहेत त्यात, नावं घेत नाही. शेवटी जुलै २०१५ पासून कार्निवलने पाणी आणि कोल्ड्रिंकसुद्धा बाटलीत आणायला बंदी केली, आणायचं तर माणशी बारा कॅन किंवा खोकी. त्यांनी कारण सरळ सांगितलं की बाटल्यांतून दारू येते आणि एकेक बाटली तपासण्यात टर्मिनलवर रांगा लागतात. म्हणजे काही लोकांच्या हुशारीपायी लहान मुलं घेऊन येणाऱ्या आईला साधी पाण्याची बाटली नेणं बंद झालं. याबद्दल मात्र मला कंपनीपेक्षा त्या हुशार लोकांचाच जास्त राग येतो.

पण उरलेलं अर्धं कारण पैसा आहे आणि ते त्या पत्रलेखकांनी अजिबात लक्षात घेतलेलं नाही. क्रूझचं तिकीट स्वस्त वाटतं ना, ते तसं ठेवलेलंच असतं. या मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नातला साधारण तीस टक्के भाग तुम्ही जहाजावर चढल्यानंतर जो खर्च करता त्यातून येतो, बार, कॅसिनो, वायफाय, स्पा, बंदरावरच्या सहली असं सगळं धरून. त्यात बारचा वाटा लहान नसणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. एक कॉकटेल बारा-चौदा डॉलर, वर अठरा टक्के किंवा जास्त टिप आपोआप लागते, मग कोण तुम्हाला केबिनमध्ये बसून घरच्या बाटलीतनं पिऊ देईल? मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नसारखाच प्रकार आहे हा. आठवतंय ना, २०१८ मध्ये महाराष्ट्रात त्यावर केवढा गदारोळ झाला होता, विधान परिषदेत घोषणा काय, कोर्टबाजी काय, आणि मग जानेवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की थिएटर मालकाची जागा आहे, बाहेरचं खाणं तो नाकारू शकतो. तेव्हा कोणी म्हटलं नाही की मल्टिप्लेक्सवाल्यांना आपल्या तब्येतीची काळजी वाटली म्हणून सामोसा बंद केला.

आणि पॅकेज हा तर मोठाच विषय आहे. दिवसाला ठरावीक पैसे भरा आणि हवं तेवढं प्या, साठ-सत्तर डॉलरपासून पुढे शंभरपर्यंत किंवा वरही, जहाज आणि सीझन बघून. आता यात अट काय आहे माहितीये? रॉयल कॅरिबियन आणि कार्निवलचा साधारण नियम असा की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यायचं, म्हणजे एकाच्या पॅकेजवर दोघं पिणार नाहीत. हेतू समजतो हो, पण आमच्यासारख्या घरात नवरा दोन बियर घेणारा आणि बायको लिंबूपाणीवाली, तिनेही अर्धा हजार डॉलर भरायचे? किंवा सासरे एका केबिनमध्ये असतील तर त्यांनीही? मग होतं काय की एकदा पैसे भरले की वसूल करायचे म्हणून जी बाई कधी प्यायली नाही ती सकाळी अकराला पिनाकोलाडा घेऊन बसते. हे मी पाहिलंय. कार्निवलच्या पॅकेजला चोवीस तासांत पंधरा ड्रिंक्सची मर्यादा आहे. पंधरा! ही मर्यादा आहे की टार्गेट तेच कळत नाही. आणि हेच जहाज तुम्हाला माणशी वाइनच्या दुसऱ्या बाटलीला नको म्हणतं.

म्हणून त्या पत्रलेखकांना माझं सांगणं आहे की बाहेरची बाटली अडवली म्हणजे जहाजावरची दारू कमी झाली असं होत नाही, फक्त ती कोणाकडून घ्यायची ते ठरतं. जहाज खरंच मुलाबाळांचं आहे का हे बघायचं असेल तर गेटवर काय अडवतात ते बघू नका, आत काय आणि कसं विकतात ते बघा. त्या हिशोबाने डिस्नेला मी मार्क देईन, त्यांचं तिकीट बघून घाम फुटतो ते वेगळं. तिथे कॅसिनो नाही. हवं तेवढं प्या असलं दारूचं पॅकेजच ते विकत नाहीत, ग्लासमागे पैसे, त्यामुळे माणूस आपोआप विचार करतो. बार आहेत, भरपूर आहेत, पण रात्रीचे अड्डे एका बाजूला आणि मोठ्यांचा पूल वेगळा, तिथे अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही. म्हणजे दारू आहे पण ती मुलांच्या घसरगुंडीशेजारी नाही. दुसऱ्या काही जहाजांवर पूलच्या काठालाच बार असतो नि तिथेच पोरं कॅननबॉल मारत असतात, दुपारी तीननंतर तिथली भाषा ऐकण्यासारखी नसते.

आता कंपन्यांच्या बाजूचंही एक सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. बारमध्ये विकलेली दारू कार्डावर नोंदली जाते, बारटेंडर माणूस बघतो, जास्त झालीये वाटलं तर थांबवू शकतो, केबिनमध्ये बंद दाराआड कोणी रमची बाटली संपवली तर कोणाला कळणार? आणि समुद्रात बाल्कनी असते. २०१० च्या अमेरिकन कायद्याने जहाजाच्या कठड्याची उंची किमान ४२ इंच ठरवून दिलीये, पण कठड्यावर चढून बसणाऱ्याला कायदा काय करणार. शिवाय २००४ मध्ये फ्लोरिडाच्या अपील कोर्टाने रॉयल कॅरिबियनविरुद्धच्या एका प्रकरणात असं म्हटलं की पिऊन तर्र झालेल्या प्रवाशाला पाजतच राहिलात आणि त्याला इजा झाली तर कंपनीवर दावा होऊ शकतो. म्हणजे पाजायचीही त्यांनी आणि जबाबदारीही त्यांची, हे मला योग्य वाटतं. हार्ड ड्रिंक बाहेरून आणू न देण्याला माझा विरोध नाहीच मुळी. फक्त त्याला सुरक्षेचं नाव देता तर मग सुरक्षा म्हणून ते पंधरा ड्रिंक्सही कमी करा ना.

आपल्या लोकांचं वेगळंच दुखणं असतं. भारतातून आई-वडील येतात, त्यांना हौसेने क्रूझवर नेतात, आणि बॅगेत काय असतं? घरचं कोकमचं आगळ, तेही जुन्या काचेच्या बाटलीत, कारण सासूबाईंचा प्लॅस्टिकवर विश्वास नाही. आमची बॅग केबिनच्या दाराशी आलीच नाही, खाली सिक्युरिटीच्या खोलीत बोलावणं आलं, तिथे टेबलावर आमची बाटली आणि भोवती दोन गणवेशातली माणसं. एकाने बूच काढून वास घेतला आणि त्याचा चेहरा असा काही झाला की सासूबाई मला मराठीत म्हणाल्या, याला सांग पित्तावर चांगलं असतं. बाटली मिळाली नाही. पण दारू नव्हती म्हणून सुटलो, एवढंच. लाडू, चकल्या, लोणचं हेही बहुतेक जहाजं घरचं म्हणून नाकारतात, कारखान्यात सील केलेलं असेल तरच चालतं, म्हणजे चितळ्यांची बाकरवडी जाईल, आईची जाणार नाही.

आणि हा विषय फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही म्हणून तर तुमच्या पेपरला लिहितेय. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज जातं, ते मुळात रॉयल कॅरिबियनचंच १९९० चं जहाज आहे, नाव थोडं बदललंय, आणि बाहेरची दारू न्यायची नाही हा नियमही तिथे आहे. वर आपल्याकडे राज्याराज्याचे कायदे, महाराष्ट्रात परमिट आणि हार्ड ड्रिंकला पंचवीस वर्षांची अट, गोव्यात अठरा, लक्षद्वीपला बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी. गोव्यात उतरलेला माणूस फेणी घेणारच, आणि मग ती जहाजावर चढताना काढून घेतली की तिथे जे भांडण होतं ते सांगायला नको. आता सिंगापूरहून निघणाऱ्या डिस्ने ॲडव्हेंचरच्या जाहिराती पुण्या-मुंबईत दिसायला लागल्यात, बहीण फोटो पाठवत असते, म्हणजे अजून हजारो मराठी कुटुंबं पहिल्यांदाच जहाजावर चढणार.

तर तुमच्या पुरवणीच्या संपादकांना विनंती आहे की पुढच्या वेळी क्रूझवर पान काढाल तेव्हा सूर्यास्ताच्या फोटोची जागा जरा कमी करून एक चौकट द्या, कुठल्या जहाजावर किती बाटल्या, चढताना की बंदरावरही, कॉर्केज किती, पॅकेज सक्तीचं होतं का, वयाची अट काय (अमेरिकेतून निघालात तर एकवीस, युरोपातून बऱ्याच ठिकाणी अठरा), घरचं खाणं चालतं का. हे नियम दरवर्षी थोडे थोडे बदलतात म्हणून तारीखही टाका. टूर कंपन्यांनाही विचारा की तुमच्या मराठी माहितीपत्रकात 'जहाजावर मनसोक्त धमाल' असं छापता त्याच्याखाली हे का छापत नाही. माझ्या वडलांच्या ग्रुपला जे पत्रक मिळालं होतं त्यात स्वेटर न्या, औषधं न्या, जपमाळसुद्धा न्या असं होतं, बाटल्यांबद्दल एक ओळ नव्हती, आणि त्या ग्रुपमधल्या तीन काकांच्या स्कॉच टर्मिनलवरच राहिल्या. एक काका तर अजून त्या टूर मॅनेजरशी बोलत नाहीत.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी