काचेची नळी आणि वीस मिनिटे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या अंकात आतल्या पानावर एक चौकट होती. 'सर्पदंशावर आता एकच रामबाण' असा मथळा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेला शेजारचा झील मला म्हणाला, "बाय, आता खयच्याय जनावराक एकच सुई ना?" (जनावर म्हणजे आमच्याकडे साप.) म्हटलं नाही रे, आणि मग त्याला समजावण्यात चहा थंड झाला. तेच आपल्या वाचकांनाही सांगावे म्हणून हे पत्र.

मी सिंधुदुर्गात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 31 वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. आमच्याकडे रात्री 'साप चावला' असे कोणी म्हणत नाही, 'पान लागला' म्हणतात. जूनपासून दिवाळीपर्यंत पान लागलेली माणसे यायची. कोणी चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) उचलताना, कोणी गवत कापताना, कोणी नुसतेच परसात गेलेले.

आपली बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनचे टिम फ्रीडी नावाचे गृहस्थ आहेत. त्यांनी सुमारे 18 वर्षांत 856 वेळा सापाचे विष स्वतःच्या अंगात टोचून घेतले. (असा रुग्ण आमच्या केंद्रात आला असता तर मी आधी त्याच्या बायकोला बोलावून घेतले असते.) संशोधकांनी त्यांच्या रक्तातून विषाला अडवणारी दोन प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, निवडली, जोडीला व्हॅरेस्प्लॅडिब नावाचे औषध घातले आणि ते मिश्रण उंदरांवर तपासले. 19 जातींच्या सापांपैकी 13 जातींच्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले, उरलेल्यांपासून काही प्रमाणात. मे 2025 मध्ये हे प्रसिद्ध झाले. पण ते 19 साप सगळे नाग-मण्यारीच्या कुळातले. घोणस आणि फुरसे त्यात नाहीतच. त्याआधी जानेवारीत नोबेल मिळालेल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेल्या प्रथिनांनी उंदीर वाचवले, तेही नागाच्या कुळातल्या विषापासून. आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, पावलापावलाला असते ते फुरसे. ही बातमी वाचून उद्या चिरेखाणीवरच्या कामगाराला वाटले की सुई निघाली, आता घाई कशाला, तर काय करायचे?

तरी या संशोधनाचा मला आनंदच आहे. आजची एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, घोड्याच्या रक्तातून काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हीच रीत होती, आजही मुळात तीच आहे. त्यामुळे औषध सुरू झाले की काहींच्या अंगावर गांधी उठतात, काहींचा श्वास लागतो. अशा वेळी द्यायचे ॲड्रिनालिनचे इंजेक्शन भरून हातात धरल्याशिवाय मी कधी सलाईन सुरू केले नाही.

आता माझी एक चूक सांगते. फुरसे किंवा घोणस चावली की रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला केंद्रात मोठे यंत्र लागत नाही. शिरेतले दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, न हलवता वीस मिनिटे ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. साबणाने धुतलेल्या काचेतही नाही. मधल्या काळात केंद्रात सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या यायला लागल्या. एका रात्री एक माणूस आला, काय चावले ते त्याने पाहिले नव्हते. मी औषधाची रिकामी काचेची बाटली निरम्याने घासून घेतली आणि तीत रक्त घेतले. वीस मिनिटांनी वाहिले. डॉक्टरांनी माझ्या बाटलीवर विश्वास ठेवून दहा बाटल्या एएसव्ही लावली. अर्ध्या तासात त्याचे ओठ सुजले, घशात घरघर सुरू झाली. वाचला. सकाळी त्याच्या भावाने मारलेला साप पिशवीतून आणला, तर तो बिनविषारी कवड्या निघाला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी स्वतःच्या पैशांनी काचेच्या नळ्या आणून कपाटात वेगळ्या ठेवत होते.

मण्यारीचे उलटे. तिच्यात ही नळी काही सांगत नाही. ती रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे आई पोराला घेऊन येते, "पोटात दुखता, काय खाल्ल्यान काय म्हायत." अशा पोराला मी आधी वर बघायला सांगायची. पापण्या जड झाल्या असतील तर गॅसचे औषध बाजूला ठेवायचे. अशाच एका आठ वर्षांच्या मुलाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेताना गाडीत मी सारा वेळ हाताने अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, दाबत बसले होते, तिथून पुढे त्याला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात हलवले. तो वाचला तो त्या पिशवीने, औषधाने नव्हे, असे माझे मत आहे. आज तो मुंबईला नोकरी करतो.

अमेरिकेपेक्षा बेंगळुरूची बातमी आमच्या जवळची आहे. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवले की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. आपल्या एएसव्हीसाठीचे विष मुख्यतः येते तमिळनाडूतल्या इरुळा या आदिवासी लोकांच्या सहकारी संस्थेकडून, मग आमच्याकडच्या सापाला ते तितकेच लागू पडेल का? आणि औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांपुरतेच. आमच्या झाडीतला हिरवा चापडा हा विषारी साप त्यात नाही. त्यावर दोन ओळी कधी वाचल्याचे मला आठवत नाही.

देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजारांच्या आसपास. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून. चांगलेच आहे. पण त्या आराखड्यात शेवटच्या केंद्रातल्या कपाटात काचेच्या नळ्या आहेत की नाहीत हे कोण बघणार?

आपल्याला एकच विनंती. मे अखेरीस आपण शाळा प्रवेशाच्या, बियाण्यांच्या पुरवण्या काढता. त्यातच एक चौकट द्या: तालुक्यातल्या कुठल्या केंद्रात एएसव्ही आहे, किती बाटल्या आहेत, रात्री डॉक्टर असतात का. माहिती दर महिन्याला बदलते, म्हणून दर महिन्याला छापावी लागेल, हे मला ठाऊक आहे. आमच्या तालुक्याची गोळा करून द्यायला मी तयार आहे, फोन करायला वेळ भरपूर आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग